बेचाळीस कप

खराडीत, काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर
माझं राज्य सहा बाय आठ.
एक शेगडी, एक फ्रिज, बेचाळीस कप.
कुणाचं आज काय आहे
ते मला भिंतीवरचं कॅलेंडर सांगत नाही,
कप सांगतात.

पहिल्या वर्षी कळत नव्हतं.
तस्नीमच्या टेबलावर चहा ठेवला,
म्हणाली, "राहू दे मावशी, बघते."
संध्याकाळी उचलला तो तसाच, वर साय धरलेली.
चार दिवस हेच.
पाचव्या दिवशी ती रुमालात खजूर बांधून
घड्याळाकडे बघत बसलेली दिसली,
सहा चाळीस व्हायची होती.
तेव्हापासून रमजानात माझा ट्रे
प्रिंटरच्या मागून लांबच्या वाटेने जातो.
वाफेलाही मी वळसा घालायला शिकवलं.

श्रेणिकचं पाणी उकळून गार केलेलं.
पर्युषणात दिवे लागायच्या आत त्याचा डबा संपायला हवा,
आणि मीटिंग नेमकी तेव्हाच लांबते.
मी दारात उभी राहून नुसती बघते साहेबांकडे.
साहेब माझ्याकडे.
मीटिंग संपते.

एल्डा मॅडम चाळीस दिवस साखर सोडतात.
ईस्टरनंतरच्या सोमवारी
मी न विचारता तीन चमचे घालते.
त्या एक घोट घेतात नि डोळे मिटतात.

संकष्टीला साने विचारतात,
"मावशी, चंद्रोदय कितीचा?"
फोन हातातच असतो त्यांच्या.
तरी मला विचारतात.

मधेच वरून मेल येतो: विविधता दिवस,
सगळ्यांनी आपापल्या पोशाखात या.
फेटे येतात, मुंडू येतं, सहावारीला पिना लागतात.
फोटोला मला बोलावतात,
कारण मला बटण दाबता येतं.

आगीच्या जिन्यातलं मात्र कुठल्याच फोटोत येत नाही.
रमजानच्या दुपारी तिथे साकिब चहा पितो,
भिंतीकडे तोंड करून, घाईघाईने.
श्रावणात त्याच पायरीवर
देवधरांचा मुलगा अंडा पफ खातो.
दोघंही मला बघून दचकतात.
मी कप उचलते, कागद उचलते, पायरी पुसते.
धरणाऱ्याचं जपावं, तसं न धरणाऱ्याचंही.

यंदा मी रजा मागितली. वैशाखी पौर्णिमेची.
अकरा वर्षं सुटल्यावर धावत जायचे,
विहारात पोचेपर्यंत वंदना आटपलेली असायची.
कॅलेंडरवर त्या चौकोनात लिहिलं होतं, पेस्ट कंट्रोल.
एचआरमधली मुलगी गोंधळली,
"मावशी, तुमचं काय असतं त्या दिवशी?"
म्हटलं, "पांढरी साडी असते. खीर असते."
आणखी काय सांगणार, उभ्या उभ्या?

त्या सकाळी ताडीवाला रोडला
पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसले.
डोळे मिटले, तर समोर कपच.
श्रेणिकचं पाणी कुणी उकळलं असेल?

दुसऱ्या दिवशी पँट्री उघडली.
पातेलं करपलेलं, बुडापासून काळं.
साखर सांडलेली, मुंग्यांचा सण जोरात.
कप धुतलेले होते, पण दांडे भलतीकडे.
आणि कॅलेंडरवर पेस्ट कंट्रोलला काट मारून
कुणीतरी लिहिलेलं: मावशींची खीर पौर्णिमा.

मी पेन घेतलं.
'खीर'च्या डोक्यावर नीट अक्षरात लिहिलं, वैशाखी.

डब्यात उरलेली खीर आणली होती,
बेचाळिसांना कुठली पुरायला, चमचा-चमचा आली.
श्रेणिकने विचारलं, "यात काय काय आहे?"
मी एकेक करून सगळं सांगितलं.
कुणीतरी आणखी विचारलं, आणि पौर्णिमेला काय झालं होतं?
तेही सांगितलं. या वेळी बसून.

मग पातेलं घासायला घेतलं.
राग आलाच होता, खोटं कशाला बोलू.
अर्धा तास गेला, बोटं काळी झाली.
बुडाशी एक डाग राहिला.
त्याच्यावर मी फार जोर लावला नाही.