टचिंग

तीस वर्षं परभणीकरांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या
मीच उतरवल्या.
आधी निगेटिव्हवर, टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं,
मग माऊसनं.
त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत कधी.

आता कौसडीकर बाई माझ्याच गालाला बोट लावून सांगतात:
खड्डा इंजेक्शननं भरता येईल, टिकेल वर्षभर.
लेझरनं कातडी जराशी आवळेल.
नाहीतर पापणीच्या आतून चीर,
थोडी चरबी काढायची, थोडी खाली पसरायची.
टाका दिसायचा नाही, गफारभाई.
तोवर मीठ कमी, उशी उंच.

किती दिवस काळंनिळं?
दोन आठवडे.
लग्नसराईत?
बाई हसल्या.

रात्री शटर अर्धं ओढून
स्वतःचाच पासपोर्ट फोटो उघडला स्क्रीनवर.
डावा डोळा साफ केला. सफाई आहे अजून हातात.
उजव्याखाली अब्बा निघाले,
हुबेहूब, मोंढ्यातून हमाली करून आलेले,
बशीतला चहा निवायची वाट बघणारे.

त्यांच्याही फोटोवर, नवशिका असताना,
पेन्सिल टेकवून उचलली होती.

फाईल तशीच आहे, एका डोळ्याची.
बाईंना सोमवारी कळवतो म्हणालोय.
उशा मात्र दोन घेतल्या. मान धरलीय.