जुना फॉन्ट

जिल्हा कोर्टासमोर, स्टॅम्पवाल्या खैरनारांच्या छत्रीला टेकून
माझं टेबल. एक लॅपटॉप, एक प्रिंटर
आणि माझ्याआधी थकणारी बॅटरी.
लोक येतात, म्हणतात, ताई, माहितीचा अर्ज.
मी विचारते, कुठली माहिती?
म्हणतात, खरी.

मुमताज कोकणी आली मार्चमध्ये.
दहीपुलाजवळ बांगड्यांचं दुकान, सासऱ्यांच्या वेळचं.
पालिकेची नोटीस बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवून आणलेली:
आपले बांधकाम निळ्या पूररेषेच्या आत येत असल्याने...
म्हणाली, पाणी कधी येतं ते मला माहीत आहे,
किती पायऱ्या चढतं तेही.
ही रेषा मात्र मी कधी पाहिली नाही.
कुठून जाते, एवढंच विचार.

एवढंच विचारलं.
दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवस.
एकतिसाव्या दिवशी उत्तर: विषय या विभागाचा नाही.
नगररचनेने पाटबंधाऱ्याकडे बोट दाखवलं,
पाटबंधाऱ्याने नगररचनेकडे.
अपील लिहिताना मी चौथं कलम पुन्हा वाचलं.
कुणी मागायच्या आधीच सांगावं, असं त्यात आहे.
न मागता ताक आणून देणाऱ्या शेजारणीसारखं कलम.
आमच्या गल्लीत अशी शेजारीण होती. बदली झाली तिच्या नवऱ्याची.

शेवटी कळवलं: माहिती संकेतस्थळावर उपलब्ध, तेथे पाहावी.

पाहिली. एकशे बारा पानं.
मराठीचा नुसता चुरा.
चौकोन, उलटे स्वल्पविराम,
डोक्यावर दोन-दोन टिंबं घेतलेली परकी अक्षरं,
मध्येच एक डॉलर.
मुमताज म्हणाली, ही कुठली भाषा?
मी म्हटलं, आपलीच.

पंचवीस वर्षांपूर्वी शरणपूर रोडच्या टायपिंग क्लासात
मी याच फॉन्टवर शिकले.
तो मेला, कंपनीही गेली.
कुठल्याशा कार्यालयातल्या एका मशीनवर
अजून जिवंत असणार,
आणि साहेबांना वाटत असणार, सगळ्यांना असंच दिसतं.

मग डोळ्यांनी वाचणं सोडलं.
परकं अक्षर आलं की बोटाला विचारायचं,
इथे तू काय दाबलं असतंस?
बोट म्हणे, ग. मग काना, मात्रा.
गोदावरी अशी
एकेक कळ करत वर आली.

अकरा रात्री. दोन्ही तीरांचे सर्व्हे नंबर.
मुमताजचं दुकान छप्पन्नाव्या पानावर. आत.
शेजारची सात मजली इमारतही आत,
तिला नोटीस नाही.
मुमताज बराच वेळ त्या दोन ओळींवर बोट ठेवून बसली.
आत तर आत, म्हणाली. ह्या पानाच्या चार कॉप्या दे.

एक्क्याण्णवाव्या पानावर नासर्डीकाठचा एक नंबर होता.
तो मला पाठ आहे, कर्जाच्या कागदांवरून.
अजून नऊ वर्षं फेडायचंय.
माहितीपत्रकात आमच्या सोसायटीला रिव्हर व्ह्यू म्हटलं होतं.
खोटं नव्हतं ते.

सोमवारी सगळी पानं साध्या अक्षरात छापली,
छत्रीपासून लिंबाच्या झाडापर्यंत दोरीवर लावली.
लोक गर्दीने आपापले नंबर शोधू लागले,
दहावीच्या निकालात शोधतात तसे.
पांढऱ्या शर्टातला एक जण म्हणाला,
हे लावायची परवानगी कुणी दिली?
मी पहिलं पान दाखवलं, शिक्क्याखालची ओळ:
सर्व नागरिकांच्या माहितीसाठी.
ती सोडवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन.
ताई, आपलं तेवढं पान काढून घ्या,
भाव पडतील, तुमचासुद्धा.
मी बघते म्हणाले.
बघितलं. एक्क्याण्णव वाऱ्याने उलटं झालं होतं.
उठून सरळ केलं
आणि खैरनारांकडे अजून एक चिमटा मागितला.