तुलनेचं गाव

निवड झाली तेव्हा पांढरकवड्याला मी हजर होते,
गावांची यादी वाचायला.
पाहुणे म्हणाले, आम्ही बोट ठेवलं तर पक्षपात होईल,
संगणकालाच ठेवू द्या.
चाळीस गावं. विसांना पाणी गाळायचं यंत्र,
विसांना नुसते प्रश्न.

बोरधऱ्याला निळी टाकी आली.
नाल्याच्या अलीकडे खैरटोला,
तिथे मी जायची, दर सहा महिन्यांनी, टॅब घेऊन:
गुडघे किती दिवस दुखले? उकिडवं बसता येतं?
दात दाखवा. पिवळेपणा, एक ते पाच.

सोमीबाई आत्राम दात दाखवता दाखवता हसून घ्यायची.
"यंत्र तिकडे, अन् मोजनं इकडे काहून वं?"
मी म्हटलं, तुमच्यासारखं गाव नसलं
तर यंत्रानं काय केलं ते कळणार कसं?
"हां. इळ्याची धार पाहाले
बोथट इळा बी ठेवा लागते जवळ."
प्रशिक्षणात मला हे कळायला तीन दिवस लागले होते.

तिची सून पहाटे नाला ओलांडून
निळ्या टाकीचे दोन गुंड आणायची.
तिच्यामागे अजून सहा-सात जणी.
याला फॉर्ममध्ये शब्द आहे: गळती.
अडवू नका, फक्त नोंदवा, असं सांगितलेलं.
मी नोंदवलं नाही.
वाटलं, कोणी तरी टाकीला कुलूप लावेल.

तीन वर्षांनी अहवाल आला.
दोन्हीकडच्या पोरांच्या दातांत फरक थोडा,
दर पोरामागे खर्च फार.
तेवढ्याच पैशात समुद्रापलीकडच्या एका गावाकडे
मच्छरदाण्यांनी जास्त पोरं वाचतात.
तक्ता मी दोनदा तपासला. त्यात लबाडी नव्हती.
असलीच तर दोन गुंडांएवढी, माझी.

हे सोमीबाईला सांगितलं. सगळं, गुंडांसकट.
ती चुलीत काडी सारत राहिली.
मग म्हणाली, "त्या पोरायले ताप येते का लय?"
येतो म्हटलं.
"नाव काय त्या गावाचं?"

अहवालात होतं. मला धड म्हणता आलं नाही.
तिनं ते तीनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा असं,
की तिची भाची तिथं दिली असावी.