बाजूचं दार

चिठ्ठीवर नर्सच्या अक्षरात एवढंच:
मेथडिस्ट चॅपल, मंगळवार, साडेसात, बाजूच्या दाराने.
चॅपलला बाजू चार.
हॅलिफॅक्सचे रस्ते सरळ जात नाहीत, चढतात.
मीही चढले, उलटी झालेली छत्री धरून,
आणि ज्या दारात उजेड होता
त्या दाराने शिरले.

आत अकरा माणसं. टेबलावर पितळी घंटा,
उतरत्या भाजणीने मांडलेल्या.
एका आजींनी माझा ओला कोट खुंटीला लावला,
एक घंटा हातात दिली:
हा तुझा सूर. मी मान हलवली की वाजव.
मला वाटलं, असेल यांची पद्धत,
बोलण्याआधी काहीतरी वाजवायची.
दीड तास एकच सूर वाजवला.
हात थरथरत होता, सूरही थरथरला,
त्यांना वाटलं मुद्दाम. शाबासकी मिळाली.
निघताना म्हणाल्या, ये हं पुढच्या मंगळवारी,
आमचा एक सूर कमी पडतोय.

घरी येऊन प्यायले.
इतकं हसू येत होतं की प्यायले.
मग हसू संपलं, तरी.

दुसऱ्या मंगळवारी गाडीतून उतरलेच नाही.
वायपर चालू, दिवे बंद.
कोण आत जातंय, त्यातलं कोण माझ्यासारखं, बघत बसले.
सगळेच वाटले.
एक जण तर नुसता कुत्रा फिरवत होता.

मधल्या आठवड्यातलं सांगायला हवं.
व्होडका मी व्हिनेगरच्या बाटलीत ठेवायचे,
ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.
निमिषने, वय अकरा, ती चिप्सवर शिंपडली.
एक खाल्ली.
माझ्याकडे नाही, बाटलीकडे पाहिलं.
चिप्स कचऱ्यात टाकल्या, बशी विसळली,
झाकण घट्ट लावलं
आणि बाटली होती तिथेच ठेवली,
लेबल पुढे करून.

तिसऱ्यांदा दार सापडलं. कचऱ्याच्या डब्यांमागे,
तीन पायऱ्या खाली, बॉयलरची वाफ निघते तिथे.
बसड्रायव्हरचं जॅकेट घातलेला एक माणूस सिगारेट विझवत होता.
घंटा का आम्ही? त्याने विचारलं.
म्हणजे, तो ‘वी’ म्हणाला.
त्यांच्यात आम्ही आणि आपण एकच.
मी पायरीवर उभी,
कोणतं धरायचं ते ठरवत.
क्लिफर्ड, तो म्हणाला. पायरी निसरडी आहे, बघून.

खुर्च्या रविवारच्या शाळेतल्या, पोरांच्या मापाच्या.
सगळ्यांचे गुडघे वर आलेले.
चहा कडक, बिस्किटं मऊ पडलेली.
माझी पाळी आली तेव्हा नाव सांगितलं, सुलभा.
शेजारच्या ब्रेंडाने अर्थ विचारला.
सहज सापडणारी, म्हटलं.
तीन मंगळवार लागले, हेही सांगितलं.
खोली हसली, आणि त्या हसण्याच्या आडून
पुढचा शब्द मी इंग्रजीत म्हणून टाकला.
सोपा गेला. दवाखान्यातला शब्द,
त्याला वास नाही.

गाडीत बसून काचा वर केल्या.
मग मराठीत म्हणून पाहिला.
आमच्या आळीत दारुडे होते, नावानिशी.
दारुड्यांच्या बायका होत्या, त्यांचे सोमवार,
त्यांची पहाटे धुतलेली चादर,
‘सोसते बिचारी’ हे त्यांचं आडनाव.
दारुडी कुणी नव्हती.
शब्दाला स्त्रीलिंग लावायची वेळच आली नव्हती कुणावर.
मी लावलं.
मोठ्याने.
काचेवर वाफ धरली, पुसली, गाडी सुरू केली.

येताना कोपऱ्यावरून चिप्स आणल्या,
आणि व्हिनेगरची नवी बाटली, सील न फोडलेली.
निमिषने सील फोडलं.
आधी वास घेतला.
मी पाहतेय हे त्याला दिसत होतं.
पुन्हा एकदा घेतला.
मग शिंपडलं.