सोबत जोडले आहे

खानापुरात, तहसीलदार ऑफिसच्या समोर माझं टायपिंगचं दुकान.
मराठी पान दहा रुपये, कन्नड पान दहा रुपये.
या गावात एवढी एकच समानता,
आणि ती मी बोर्डावर रंगवून घेतलीय.

सकाळी सुमित्रा तारिहाळकर आली.
अंगणवाडीत खिचडी शिजवते.
हातात पिशवी, पिशवीत पोलीस स्टेशनची नोटीस, कन्नडमधली.
"वाच की रे, मला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही."
अर्थ मलाही लागला नाही, पण वाचलं:
आपण प्रसारित केलेल्या व्हिडिओमुळे
दोन भाषिक समाजांत तेढ.

व्हिडिओ अकरा सेकंदांचा. अख्ख्या तालुक्यानं बघितलाय.
नवी पाण्याची टाकी, टाकीवर हात जोडलेला पुढारी,
खाली उतरणारा लोखंडी पाइप.
सुमित्रा उलथन्यानं पाइप वाजवते. तीनदा.
ठण्ण. ठण्ण. ठण्ण.
बस्स. एक शब्द बोललेली नाही.

आता सांगा, ठण्ण कुठल्या भाषेत येतं?

इकडच्यांनी लिहिलं, ही त्यांची बाई.
तिकडच्यांनी लिहिलं, ही त्यांची बाई.
कुणी नवऱ्याचा नंबर टाकला, कुणी पोरीचा फोटो.
पाण्याचं कुणीच नाही लिहिलं.
वॉर्डाच्या ग्रुपवर दुपारपर्यंत एकच ओळ उरली:
फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.
सुवर्णसौधाच्या कमानीवर कोरायला हरकत नाही.

आमच्याकडं असंच असतंय.
हिशेब मराठीत मागा, म्हणतात कन्नडमध्ये अर्ज करा.
कन्नडमध्ये 'लेक्क कोडी' म्हणा,
तर आपलेच म्हणतात, विकला गेला.
एक नोव्हेंबरला एकाच्या दारात लाल-पिवळा झेंडा,
दुसऱ्याच्या दंडाला काळी फीत,
आणि दोन तारखेला दोघांचं बिल एकाच सहीनं पास.
मोर्चात समोरासमोर, टेंडरात मांडीला मांडी.
सीमा आमच्या वाट्याला, टक्का त्यांच्या.

मडिवाळप्पा हवालदार तसा भला माणूस.
त्याच्या गल्लीलाही हीच टाकी.
चहा पिता पिता कानात सांगून गेला,
माफीचा व्हिडिओ करायला लाव तिला,
दोन्ही भाषांत, प्रकरण मिटतंय.
जाताना माझ्या माठातून बाटली भरून घेतली.

तर बोल, काय लिहू, मी विचारलं.
'खेद वाटतो' असं एक तयार वाक्य आहे कॉम्प्युटरात,
यंदा चौदा जणांनी वापरलंय,
फक्त नाव बदलायचं.
ती म्हणाली, लिही, पाणी नाही.
पुढं?
पुढं काय. पाणी नाही.

ते वाक्य शोधायला फोल्डर उघडला
आणि माझाच हात थबकला.
टाकी_फायनल_दोन.
गेल्या मार्चमधली. मीच टाईप केलेली:
काम समाधानकारक पूर्ण, चाचणी घेतली, पाणी चालू.
चार प्रती, चाळीस रुपये.
कंत्राटदाराचा पोरगा पन्नासची नोट ठेवून म्हणाला,
राहू दे सुट्टे.
मी राहू दिले.

व्हिडिओसुद्धा पुढं पाठवला होता मी,
रात्री नऊला.
नऊ पाचला काढून टाकला.
तिथं अजून लिहिलेलं आहे, हा मेसेज डिलीट केला आहे.
माझ्या बाण्याचा शिलालेख म्हणा.

लाईट गेली, आली. प्रिंटर कुरकुरला.
दोन पानं निघाली.
पहिल्यावर तिचं उत्तर, अर्ध्या ओळीचं.
तिनं दहा रुपये काढले.
"दुसरं कशाचं रे? मी एकच सांगितलं होतं."

अर्जाच्या तळाशी, डावीकडं, लिहायची एक पद्धत असते.
टाईप नाही केलं. पेन घेतलं,
अक्षर कुणाचं ते कळू दे म्हणून:

सोबत : एक प्रत.