तपकिरी पेन्सिल

नवतपात हॉल स्वस्तात मिळतो,
म्हणून फिल्म क्लबच्या पोट्ट्यांनी धंतोलीतला तो हॉल घेतला.
सात दिवस, सात सिनेमे, एकच बाई.
कोरियातली. आडनाव बे.
पहिल्या दिवशी मागून कोणीतरी ओरडलं, "काय बे!"
आणि सगळे, म्हणजे आम्ही चौदा जण, हसलो.

बे ओक-ह्वा.
मला त्या नावातलं काही कळत नव्हतं.
मी तोंडं रंगवणारी बाई.
छत्तीस वर्षं झाडीपट्टीच्या सीझनला
वडशापासून सिंदेवाहीपर्यंत, ट्रकच्या हौद्यात,
मेकअपची पेटी मांडीवर धरून फिरले.
पडद्याखाली पळणाऱ्या अक्षरांकडे मी पाहिलंच नाही.
चेहरा पुरतो.

पहिल्या सिनेमात ती सतरा-अठराची.
कपाळ मोठं, पावडर जरा जास्त.
कॅमेरेवाल्याला तिचे डोळे आवडलेत हे दिसतं,
तिला ते अजून माहीत नाही, हेही.
तिसऱ्यात रंग आला. लिपस्टिक चुकीची.
चौथ्यात ती कोणाची तरी थोरली वहिनी,
दारात उभी राहून दुसऱ्यांचं लग्न बघते.
पाचव्यात साडेतीन मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.
कांदा चिरते, निरोप ऐकते, सुरी थांबत नाही.
सुरी थांबली नाही म्हणून
मी खुर्चीचा हात घट्ट धरला.
सहावा आठवत नाही. त्या दिवशी दोनदा लाइट गेली.

पण सांगायचंय ते दुसऱ्याचं.
त्यात ती चोविसाची, आणि शेवटी तिला म्हातारी करतात.
केसांना पांढरी भुकटी,
कपाळावर तीन आडव्या रेघा,
तपकिरी पेन्सिल, बोटानं पसरलेली.
मी अगदी अशीच करायचे.

सातव्या दिवशी ती एकोणऐंशीची.
पावडरचा कणही नाही.
कूलरचा वाळा सुकला होता, पाणी घालायला कोणी उठेना.
मी त्या तीन रेघा शोधत होते.
कपाळ कोरं.
सगळं वय खाली उतरलेलं, हनुवटीत,
आणि डाव्या गालावर एक घडी,
हसू गिळून गिळून पडलेली,
जी कुठल्याच रंगवणाऱ्याला सुचली नसती.
पंचावन्न वर्षांपूर्वी त्या माणसाचं चुकलं होतं.
ती जगली, म्हणून कळलं.

मैना गेडामला मी किती वेळा म्हातारी केली
त्याचा हिशेब नाही.
बत्तिसाव्या वर्षी तिला आईच्या पार्टात ढकललं,
मुलगा झालेला हिरो तिच्याहून चार वर्षांनी मोठा.
"रेघा कमी काढजो बाई, घरी पोरगी भेते."
पहाटे पाचला खोबरेल लावून मी सगळं पुसून द्यायचे.
एकेचाळिसाव्या वर्षी मेडिकलच्या वॉर्डात, व्हरांड्यातल्या खाटेवर,
ती गेली. कपाळ गुळगुळीत.
तिचं म्हातारपण होतं तेवढं माझ्या पेन्सिलीचं.
बरोबर होतं की चूक,
तपासायला जागा नाही.

दिवे लागले. पोट्टे म्हणाले, "मावशी, समजला का?"
"हाव," म्हटलं.
बाहेर साडेनऊलाही डांबर चपलेला चिकटत होतं.
पंचशील चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली
तेव्हा पर्समधला आरसा काढला,
मैनाच्या कपाळावर जिथून सुरुवात करायचे
तिथे स्वतःच्या बोट ठेवलं.
रिक्षावाला वळून म्हणाला,
"काय झालं जी, लागलं का काही?"