दिवे गेले तेव्हा

पहाटेचे चार. उजाडायला अजून सात तास.
आइसलंडमध्ये डिसेंबरात सूर्य येतो तो
दारातूनच बोलून परत जाणाऱ्या पाहुण्यासारखा.

हाल्बेरा कळ दाबते.
सहाशे दिवे कुरकुरत, आधी गुलाबी, मग पिवळे होत
टोमॅटोच्या रांगांवर उतरतात.
काचेबाहेर बर्फ. आत जमिनीखालच्या वाफेची ऊब.

नवा आलेला रिमांतास वेल सुतळीला गुंडाळताना विचारतो,
"ही झाडं उजेड खातात म्हणे?"
"खातात कसला," ती म्हणते, "मार खातात."

एक कण येऊन आदळतो हिरव्या रेणूवर.
तो धक्का शेजारच्याला देतो, शेजारचा पुढच्याला,
आग लागल्यावर बादली हातोहात जावी तसा,
आणि आत, नेमक्या एका जागी,
इलेक्ट्रॉन घर सोडतो.
सोडतो म्हणजे सोडतोच.
मागे राहते एक पोकळी, इतकी हावरी
की ती थेट पाण्याला ओरबाडते.

पाण्याला!
जे आधीच जळून झालेलं आहे,
ज्याला फोडायचं तर भट्टी पेटवावी लागते,
ते इथे थंडपणे उसवतं,
मँगनीजचे चार अणू, एक कॅल्शियमचा,
असे चार धक्के, चौथ्याला टाका सुटतो.
ऑक्सिजन बाहेर. पानाला तो नकोच असतो.
"कचऱ्यावर जगतो आपण," हाल्बेरा म्हणते
आणि एक पिवळं पान खुडून खिशात टाकते.

प्रोटॉन मात्र आत कोंडून राहतात,
धरण भरावं तसे,
आणि एका अरुंद दारातून सुटताना चाक फिरवतात.
खरंच चाक. सेकंदाला शंभर फेरे.
तिचा नवरा वरच्या नदीवर
असंच एक चाक सांभाळायचा. त्याच्यावरच हे दिवे.
त्याच्याबद्दल ती एवढंच बोलते.

साडेसहाला वादळात तार तुटली.
अंधार असा की स्वतःचा हातही ऐकूनच शोधावा.
रिमांतास बॅटरी चाचपू लागला.
"थांब," ती म्हणाली. "आत्ता पानं उजेड परत देतायत."
"कुठे?"
"दिसायचा नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा
यंत्रावर आकडा पाहिलाय मी.
निघालेल्यांतले काही मागे फिरतात,
पोचले की जरासं उजळतं."

त्यानं पान डोळ्यांशी नेलं.
काही दिसलं नाही. बोटांना टोमॅटोचा हिरवा, उग्र वास.
कौनासमधल्या बहिणीला फोन करायचा राहिलाय,
हे त्याला तेवढ्यात आठवलं.

वीस मिनिटांनी दिवे आले.
आधी गुलाबी, मग पिवळे.
रिमांतासनं डोळ्यांवर हात धरला.
पानांनी धरला नाही.